बातमीतलं प्रथिन आणि बाबांच्या ताटातलं प्रथिन

प्रश्न : माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत, वजन ५८ किलो. जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस, आणि आता सीटी स्कॅनमध्ये लिव्हरमध्ये २.८ सेंटिमीटरची एकच गाठ दिसली आहे. डॉक्टर म्हणतात कॅन्सर आहे, पण मायक्रोवेव्ह अब्लेशनने जाळून टाकता येईल. रक्तातलं एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची एक खूण) मात्र फक्त १८ आहे. त्यातच एका बातमीत वाचलं की एक प्रथिन लिव्हरचा कॅन्सर पसरवतं. तेव्हापासून आम्ही वरण, अंडी, पनीर, दूध सगळं बंद केलं आहे. भात, पातळ भाजी आणि फळं देतो. ताट-वाटीही वेगळी ठेवली आहे, कारण वहिनीला सातवा महिना आहे. हे प्रथिन नेमकं काय असतं? त्याची तपासणी करून मगच अब्लेशनचं ठरवावं का? (कोथरूड, पुणे)

उत्तर :

आज रात्रीच्या जेवणात बाबांना वरण द्या. बाकीचं उत्तर लांब आहे, ते सावकाश वाचलं तरी चालेल. एवढं मात्र आजच करा.

पुण्यात लिव्हरचे रुग्ण तपासत मला बावीस वर्षं झाली. ‘अमुक प्रथिन कॅन्सर वाढवतं’ अशी बातमी आली की पुढच्या आठवड्यात ओपीडीत दोन-तीन घरं तरी अशी येतात, ज्यांनी पेशंटची डाळ बंद केलेली असते. तुम्ही हे प्रेमापोटी केलंत, त्यात चूक तुमची नाही. घोळ शब्दाचा आहे. ताटातल्या डाळीला आपण प्रथिन म्हणतो आणि पेशीच्या आत तयार होणाऱ्या हजारो वेगवेगळ्या रेणूंनाही प्रथिनच म्हणतो. इन्शुलिन प्रथिन आहे, रक्तातलं हिमोग्लोबिन प्रथिन आहे, बाबांच्या रिपोर्टमध्ये असलेलं अल्ब्युमिनही प्रथिन आहे. निरोगी लिव्हर रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन स्वतः बनवतं.

आपण खाल्लेलं वरण पोटात आणि आतड्यात सुटं होतं, त्याची अमिनो आम्लं होतात आणि ती रक्तात जातात. त्या आम्लांपासून कोणतं प्रथिन किती बनवायचं हे पेशी आपल्या जनुकांनुसार ठरवते. गाठीतली पेशीही तेच करते. ताटातून आम्लं आली नाहीत तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंमधून काढतं. म्हणजे डाळ बंद केली म्हणून गाठ उपाशी राहत नाही, बाबांच्या मांड्या आणि दंड झिजतात. आहाराकडे मी पुन्हा येणारच आहे, कारण या सगळ्यात तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

आता बातमीतलं प्रथिन. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, आणि लिव्हरच्या कॅन्सरच्या प्रसारात हात असलेली प्रथिनं एक-दोन नाहीत. मी ऑस्टिओपाँटिन घेऊन समजावते. त्यावर भरपूर काम झालेलं आहे आणि त्यातलं काही आपल्या पुण्यात, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेत झालेलं आहे. तिथला अभ्यास मुख्यतः स्तनाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरवर होता, पण प्रथिन हेच.

पण त्याआधी गाठ पसरते म्हणजे काय होतं ते बघू.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटच्या लिव्हरमधली चार सेंटिमीटरची गाठ ऑपरेशन करून काढली. स्कॅनमध्ये ती अगदी सुटसुटीत, गोल, एकटी दिसत होती. चार दिवसांनी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला खाली बोलावलं आणि दोघींना एकाच वेळी पाहता येतं त्या मायक्रोस्कोपवर बसवलं. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या काचेवर गाठीची कड होती. कडेपासून थोडं बाहेर, चांगल्या लिव्हरमध्ये, एक बारीकशी शीर होती. शिरेचं एका पेशीच्या जाडीचं अस्तर शाबूत होतं आणि आत, जिथे फक्त रक्त असायला हवं तिथे, तीस-चाळीस गर्द जांभळ्या पेशींचा पुंजका तरंगत असल्यासारखा दिसत होता. मॅडम म्हणाल्या, “ही बघा, निघालीय.” याला आम्ही मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन म्हणतो. कुठल्याही सीटीत ते थेट दिसत नाही. त्या पेशंटला आम्ही दर तीन महिन्यांनी बोलावलं, आणि चौदाव्या महिन्यात लिव्हरच्या दुसऱ्या बाजूला नवी गाठ दिसली.

लिव्हरच्या कॅन्सरचा पहिला प्रवास बहुतेक वेळा असा लिव्हरच्या आतच होतो. आतड्याकडून येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये येतं आणि तिच्या फांद्या सगळीकडे पसरलेल्या असतात, खडकवासल्याच्या कालव्याच्या चाऱ्या शिवारभर जाव्यात तशा. गाठीतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा बराच भाग याच बारीक फांद्यांमध्ये येतो, त्यामुळे एखादी पेशी तिथे शिरली की शेजारच्या भागात पोचायला तिला फार लांब जावं लागत नाही. पुढे पोर्टल व्हेनमध्येच गाठीची गुठळी तयार होऊ शकते आणि तसं झालं की आजाराची पायरी एकदम बदलते. लिव्हरबाहेर गेलाच तर सर्वाधिक वेळा फुफ्फुसात, मग लिम्फच्या गाठी, हाडं आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी.

हे करायला पेशीला चार गोष्टी जमाव्या लागतात. शेजारणींचा हात सोडायचा, मधली भिंत फोडायची, रक्तात जिवंत राहायचं आणि नव्या जागी रुजायचं. लिव्हरच्या चांगल्या पेशी एकमेकींना ब्लाउजच्या हूक-काजांसारख्या अडकलेल्या असतात. त्या हुकांमधलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन, आणि ते कॅल्शियम असेल तरच धरून ठेवतं. प्रसाराच्या तयारीत असलेली पेशी पृष्ठभागावरचं ई-कॅडहेरिन कमी करते, गोल-चौकोनी आकार सोडून लांबट होते आणि सरकू लागते. शरीराला ही कला मुळात येत असते. गर्भात अवयव घडताना आणि जखम भरताना पेशी अशाच सरकतात. कॅन्सरची पेशी तोच जुना कार्यक्रम नको तिथे सुरू करते.

इथे ऑस्टिओपाँटिन येतं. नावाचा अर्थ ‘हाडातला पूल’, कारण ते आधी हाडात सापडलं. पण ते मूत्रपिंडात असतं, प्रतिकारशक्तीच्या पेशी ते बनवतात, सूज आली की ते वाढतं. त्याच्या मोठ्या रूपात ३१४ अमिनो आम्लांची माळ असते, आणि त्यातली अर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही लागोपाठची तीन फार मोलाची. या तीन मण्यांवर पेशीच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे ग्राहक (रिसेप्टर) येऊन चिकटतात. सीडी ४४ नावाचा आणखी एक ग्राहक या प्रथिनाला दुसरीकडून धरतो. शिवाय रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन या माळेला मधेच कापतं, आणि कापल्यावर चिकटायची आणखी एक जागा उघडी पडते. म्हणजे जिथे सूज आहे, रक्त गोठतं आहे, तिथे हे प्रथिन जास्त चिकट होतं.

ग्राहक चिकटला की पेशीच्या आत निरोप जातो. तो हाताहाताने केंद्रकापर्यंत पोचतो, एनएफ-कप्पा-बी नावाचा एक मुख्य स्विच चालू होतो आणि पेशी भिंत विरघळवणारी प्रथिनं सोडू लागते. ती एमएमपी या नावाने ओळखली जातात, त्यातली २ आणि ९ क्रमांकाची आमच्या कामात नेहमी भेटतात. शिरेच्या भोवती कोलॅजनची जाळी असते, ती यांनी कातरली जाते. त्याच वेळी हाच निरोप पेशीला ‘मरू नको’ असंही सांगतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सर्वसाधारण पेशी आपल्या जागेवरून सुटली की आपोआप मरते. रक्तात सुटलेल्या कॅन्सरच्या पेशीही बहुतेक मरतातच. ज्यांना जगण्याचा निरोप सतत मिळत राहतो, त्यांतल्याच काही पुढे रुजतात.

आणि रुजायला जमीन लागते. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरच्या शवविच्छेदनांच्या नोंदी पाहून मांडलं होतं की पेशी वाऱ्यावरच्या बीसारख्या सगळीकडे जात असल्या तरी उगवतात त्या अनुकूल जमिनीतच. बाबांच्या बाबतीत ही गोष्ट मला बीइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांच्या लिव्हरला वर्षानुवर्षं सूज होती, त्यातून व्रण झाले, व्रणांचं सिरॉसिस झालं. अशा लिव्हरमध्ये व्रण तयार करणाऱ्या पेशी आणि आलेल्या मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या पेशी) स्वतःही ऑस्टिओपाँटिन सोडत असतात. म्हणजे प्रसाराला मदत करणारं प्रथिन फक्त गाठीतून येत नाही, आजूबाजूच्या आजारी जमिनीतूनही येतं.

या प्रथिनाचं नाव लिव्हरच्या कॅन्सरशी ठळकपणे जोडलं गेलं ते २००३ साली. शांघायचे लिव्हर सर्जन आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले संशोधक यांनी मिळून हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, काही पसरलेल्या, काही न पसरलेल्या. कोणती जनुकं जास्त चालू आहेत हे पाहिलं, तेव्हा पसरणाऱ्या गाठींमध्ये ऑस्टिओपाँटिनचं जनुक आघाडीवर निघालं. मग त्याविरुद्धचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) वापरून पाहिलं, तर काचेच्या भांड्यात कॅन्सरच्या पेशींची घुसखोरी थांबली आणि उंदरांमध्ये फुफ्फुसातला प्रसार कमी झाला. नुसतं ‘हे दोन्ही एकत्र दिसतं’ आणि ‘हे काढलं की ते थांबतं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बातमी वाचताना हा फरक शोधत जा. बहुतेक बातम्या पहिल्या प्रकारच्या असतात.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. पसरलेल्या रुग्णांची मूळ गाठ आणि पसरून झालेली गाठ यांच्यातली जनुकांची घडण जवळजवळ सारखी होती. म्हणजे पसरण्याची क्षमता शेवटी कधीतरी उगवते असं नाही, ती मूळ गाठीत बरीच आधीपासून असू शकते. म्हणून २.८ सेंटिमीटरची गाठ हातात असताना एखाद्या प्रथिनाच्या तपासणीसाठी थांबणं मला अजिबात पटत नाही. त्या तपासणीचा निकाल काहीही आला तरी अब्लेशनचा निर्णय बदलणार नाही. ज्या तपासणीने उपचार बदलत नाही तिच्यासाठी कॅन्सरला महिनाभर देऊ नका. रक्तातलं ऑस्टिओपाँटिन सिरॉसिसमध्ये आणि इतर सुजेतही वाढतं, त्यामुळे बाबांचा आकडा जास्त आला तरी तो गाठीचा की लिव्हरचा हे सांगता येणार नाही.

एएफपीबद्दल तुम्ही लिहिलंत. तेही प्रथिनच. गर्भाचं लिव्हर ते भरपूर बनवतं आणि जन्मानंतर जवळपास बंद करतं. १९६३ साली मॉस्कोच्या गारी अबेलेव्ह यांना ते लिव्हरचा कॅन्सर असलेल्या उंदरांत परत दिसलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी माणसांत दाखवलं. पण ढोबळमानाने दर तीन रुग्णांतल्या एकाच्या गाठीत ते वाढतच नाही. बाबांचं १८ म्हणजे कॅन्सर नाही असं नव्हे. सिरॉसिस असलेल्या लिव्हरमध्ये ट्रिपल फेज सीटीत (शिरेतून औषध देऊन एकापाठोपाठ तीन फेऱ्यांत काढलेल्या स्कॅनमध्ये) गाठ धमनीच्या फेरीत उजळली आणि नंतरच्या फेरीत आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा गडद झाली, तर बहुतेक वेळा बायोप्सीशिवायही निदान पक्कं धरतात. एएफपी कमी असणं ही उलट थोडी दिलाशाचीच गोष्ट, कारण खूप वाढलेलं एएफपी असलेल्या गाठी जास्त आक्रमक निघतात.

मग या प्रथिनावर औषध का नाही? तुमच्या मनात हे येणारच. ऑस्टिओपाँटिन अडवून लिव्हरचा कॅन्सर रोखणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. या वाटेवर आम्ही किती वेळा आशेने धावलो आणि थांबलो, त्याचं एक उदाहरण सांगते. लिव्हरचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढतं. त्या वाढीला चालना देणारं एक प्रथिन एचजीएफ, आणि पेशीवरचा त्याचा ग्राहक मेट. कॅन्सरची पेशी हीच जोडी वापरून वाढते आणि सरकते. मेट अडवायला टिव्हान्टिनिब नावाचं औषध आलं. ज्यांच्या गाठीत मेट भरपूर आहे असे ३४० रुग्ण निवडून मोठी चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) ८.४ महिने, न घेणाऱ्यांचं ९.१. प्रथिन बरोबर निवडलेलं, रुग्ण बरोबर निवडलेले, तरी उपयोग शून्य. मेटबरोबर रक्तवाहिन्या वाढवणारे ग्राहकही अडवणारं कॅबोझान्टिनिब मात्र पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना थोडंफार उपयोगी पडलं, ८ महिन्यांचे १०.२ झाले. एक दार बंद केलं तर पेशी दुसरं शोधते.

टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन तर आणखी अवघड. गाठ लहान असताना ते पेशींची वाढ रोखतं, आणि गाठ पुढे गेली की तेच प्रथिन त्या पेशींना हूक सोडून सरकायला शिकवतं. असं प्रथिन सरसकट बंद केलं तर फायदा होईल की तोटा, हे कोणत्या टप्प्यावर बंद करता यावर ठरतं. ‘खलनायक प्रथिन सापडलं’ असं लिहिणाऱ्याला हे सगळं दोन ओळींत मांडता येत नाही, मला कळतं. पण वाचणाऱ्या घरात त्याची किंमत मोजावी लागते.

ज्या प्रथिनांवरच्या औषधांनी खरंच फरक पडला ती वेगळी. गाठीला नव्या रक्तवाहिन्या आणून देणारं व्हीईजीएफ, आणि गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं पीडी-एल१. या दोन्हींना एकत्र अडवणारी बेव्हासिझुमॅब आणि अटेझोलिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी २०२० पासून पसरलेल्या आजारात वापरतात. आधीच्या सोराफेनिबच्या गोळीवर मध्यम आयुर्मान १३.४ महिने होतं, या जोडीवर १९.२ झालं. ही इंजेक्शनं सुरू करायच्या आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघाव्या लागतात, नाहीतर रक्तस्रावाचा धोका असतो. बाबांना सध्या यातलं काही लागत नाही. त्यांची गाठ एक आहे, तीन सेंटिमीटरच्या आत आहे, अशा गाठीला अब्लेशन हा चांगला आणि मान्य उपचार आहे. लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल एकदा मोकळेपणी विचारून ठेवा. ट्रान्सप्लांट कोणाला करावं हे ठरवणाऱ्या, १९९६ पासून वापरात असलेल्या मिलान निकषांत पाच सेंटिमीटरपर्यंतची एकटी गाठ बसते, आणि ट्रान्सप्लांटमध्ये गाठीबरोबर ती आजारी जमीनही जाते.

ओपीडीत रोज विचारला जाणारा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कोणीतरी काढेलच : अब्लेशनसाठी सुई घातली की कॅन्सर पसरतो ना? सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका थोडा असतो, शून्य नाही. म्हणूनच अब्लेशनमध्ये सुई बाहेर काढताना ती वाटही भाजत आणतात. गाठ तशीच ठेवण्याचा धोका याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

अब्लेशन झालं की काम संपत नाही. अशा लिव्हरमध्ये पहिल्या पाच वर्षांत पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण मोठं आहे, ऑपरेशननंतरसुद्धा ते ७० टक्क्यांपर्यंत जातं. पहिल्या दोन वर्षांत येते ती बरेचदा आधीच निसटलेल्या पेशींची, माझ्या त्या पेशंटसारखी. नंतर येते ती बरेचदा त्याच जमिनीतली नवी. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय, आणि डॉक्टर सांगतील तसं पुढे. आणि जमीन शांत करायची तर हिपॅटायटिस बीची गोळी, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज आणि न चुकता. ती चालू आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आधी ते बघा. सिरॉसिसमध्ये ही गोळी मनाने कधीच बंद करायची नाही. खर्चाची अडचण असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत आहे.

आता ताट.

पेशंट समोर येऊन बसला की फाइल उघडायच्या आधी मी त्याची कानशिलं बघते आणि हात पुढे करायला सांगते. कानशिलं आत गेलेली असतील आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल तर पुढचा सगळा रस्ता चढाचा होतो. सिरॉसिसमध्ये स्नायू टिकलेला पेशंट अब्लेशन सोसतो, इन्फेक्शन सोसतो, गरज पडली तर ट्रान्सप्लांटही सोसतो. स्नायू फक्त चालण्यासाठी नसतात. लिव्हर थकलेलं असताना रक्तातला अमोनिया काढण्याचं काम बऱ्याच अंशी तेच करतात. भात, पातळ भाजी आणि फळं यांवर बाबांचं पोट भरेल, स्नायू भरणार नाहीत.

सिरॉसिसच्या पेशंटला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिन लागतं. बाबांच्या ५८ किलोला हे साधारण ७० ते ८७ ग्रॅम होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मोठा कप दुधात तेवढंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, मूठभर फुटाण्यांत ६. सोयाबीन सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरगच्च, ३० ग्रॅम दाण्यांत ११ ग्रॅम. सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी भाकरी, घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री मुगाची खिचडी आणि थोडं पनीर, असं मांडत गेलात की मजल बरीच मारली जाते. चिकन-मासे खात असतील तर खुशाल द्या, शिजवून. एकदम भूक लागणार नाही, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा. एक गोष्ट ठरवून करा : झोपताना काहीतरी खायला द्या, नाचणीची खीर, दूध-पोहे, दुधात कुस्करलेली पोळी. सिरॉसिसमध्ये रात्रभरचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका अंगावर येतो.

पोटात पाणी झालं तर मीठ कमी करावं लागेल, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण बाजूला. प्रथिन तेव्हाही कमी करायचं नाही. बाबा गोंधळल्यासारखे बोलू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, हात पुढे धरल्यावर फडफडू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी पूर्वी आम्ही स्वतःच डाळ बंद करायला सांगायचो. माझ्या शिकण्याच्या काळात वॉर्डात तेच चालायचं आणि मीही केसपेपरवर तसं लिहिलं आहे. ते चूक होतं. आता औषध देतो आणि प्रथिन चालू ठेवतो, फार तर डाळी आणि दही-दुधावर जास्त भर देतो.

ताटातली एक गोष्ट मात्र खरंच काढा : बुरशी लागलेले, कडवट, काळपट शेंगदाणे आणि ओलसर साठवलेला मका. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरच्या पेशीतल्या कॅन्सर रोखणाऱ्या जनुकात बिघाड करतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका कितीतरी पटीने जास्त असतो. निवडलेले, स्वच्छ, कोरडे दाणे चालतील. दारूचा थेंबही नको. आणि ‘लिव्हर साफ करणारी’ काढ्यांची बाटली कोणी प्रेमाने आणून दिली तर ती आधी डॉक्टरांना दाखवा.

वहिनीची काळजी. आई, तुम्ही, भाऊ आणि वहिनी, सगळ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का हे सांगणारी रक्ताची) तपासणी करा. वहिनीची गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेली असेल, फाइल काढून बघा, नसेल तर याच आठवड्यात करा. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि लस झालेली नसेल त्यांना तीन डोस. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. वहिनीची तपासणी पॉझिटिव्ह आली तर बाळाला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं आणि ते प्रसूतीआधीच सांगून मागवून ठेवावं लागतं. ही लसही एक प्रथिनच आहे, विषाणूच्या अंगावरचं प्रथिन, यीस्टमध्ये वाढवून शुद्ध केलेलं. आपल्या हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट ते बनवते. तैवानने १९८४ साली हिपॅटायटिस बी असलेल्या आयांच्या बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, १९८६ पासून सगळ्या नवजात बाळांना दिली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला.

हिपॅटायटिस बी रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होतो. एकत्र जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने होत नाही. बाबांचा रेझर, टूथब्रश आणि नेलकटर वेगळं ठेवा. ताट वेगळं ठेवायचं कारण नाही.